व्यवसायाच्या रकान्यात

४ जून

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. फोनच करणार होतो, पण फोनवर तू तीनदा "हो दादा" म्हणतोस आणि चौथ्यांदा तुला मीटिंग लागते. कागदाला मीटिंग लागत नाही, म्हणून लिहितो.

परवा तुझ्या वहिनीला घेऊन त्या चार मजली दुकानात गेलो होतो. तेच, जिथला वर जाणारा जिना आपोआप चालतो आणि खाली येणारा कायम बंद असतो. वहिनीचं मनगट सुजलंय. डॉक्टर म्हणाले, कपडे पिळणं बंद. म्हटलं, एक धुण्याचं मशीन घेऊन टाकू. पैसे खिशात होते. वहिनीने मशीन कसं निवडलं सांगू? झाकण उघडून आत कोपरापर्यंत हात घातला, मग म्हणाली, "चालू करून दाखवा." मी कान लावला. मोटर चांगली, कुरकुर नाही. आपल्या दुकानातल्या शिवणवाल्या मावशींपेक्षा पुष्कळ शांत.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, रोख कशाला देता? आमचं कार्ड काढा. पंधरा टक्के कमी, वर्षभर हप्ते, व्याज नाही." मी म्हटलं, "बाई, मी आयुष्यात कोणाचं देणं ठेवलेलं नाही." ती म्हणाली, "हे देणं नाही हो काका, सवलत आहे." आता इतक्या गोड बोलणाऱ्या पोरीला नाही कसं म्हणायचं? मी स्वतः असंच बोलून लोकांच्या गळ्यात महागडं रेक्झिन मारतो.

फॉर्म मीच भरला. सुटीचा दिवस, बोटं कधी नव्हे ती स्वच्छ होती. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, "मालक, सोफा-गादी दुरुस्ती". अक्षर बरं आलं. मुलीने ते पडद्यावर चढवलं आणि तिचा चेहरा बदलला. गिऱ्हाईकाचा सोफा उसवल्यावर आत ढेकूण दिसले की आपण कसा चेहरा करतो, काही बोलत नाही, तसा. ती आत गेली. फळीचा आडोसा होता, पण माझे कान तुला माहीत आहेत. ती म्हणत होती, "पत्ता बरोबर आहे, पण हे तिथे कामाला आहेत." तिची वरिष्ठ म्हणाली, "मग नाही म्हण. कारण सांगत बसू नकोस." कोणाबद्दल चाललं होतं कोण जाणे, चार जणांचे अर्ज पुढ्यात पडले होते.

बाहेर येऊन मला म्हणाली, "सॉरी काका, सिस्टम घेत नाहीये." मी विचारलं, "का घेत नाही? मी काय केलंय सिस्टमचं?" ती नुसती हसली. मागे रांग. रांगेत आपले ते निवृत्त मास्तर, ज्यांच्या आरामखुर्चीला आपण दोनदा कापड बदलून दिलं. मास्तर छताचा पंखा बघायला लागले. पंखा बंद होता.

खिशात रोख होती. तरी हात खिशाकडे गेला नाही. वहिनी म्हणाली, "चला, मला तो रंग तसाही आवडला नव्हता," आणि बंद जिन्यावरून एक एक पायरी उतरली. घरी येऊन चादरी धुतल्या. मी पिळतो म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही पिळलंत तर फाटतील."

तू कर-सल्लागाराच्या ऑफिसात बसणारा माणूस. तुझ्याशिवाय या घरातला एक कागद कधी हलला नाही. दुकान सुरू केलं त्या दिवशी माझ्या दोन्ही हातांना फोम चिकटवायचं सोल्युशन होतं, म्हणून म्हटलं, सही तू कर, माझा हात कागदाला चिकटेल. तेव्हापासून तो नेमच पडला. तर आता तूच सांग, मला का नाकारलं असेल? मी त्या दुकानालाही पत्र टाकलंय, कारण लेखी कळवा म्हणून.

तुझा
दादा


१२ जून

ती. स्व. दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग वाईट वाटलं. तू उगाच मनाला लावून घेतलंस. कारण अगदी साधं आहे. या दुकानांच्या मागे वित्त कंपन्या असतात. माणसाने पूर्वी कोणाकडून कर्ज घेतलं, ते वेळेवर फेडलं की नाही, एवढंच त्या बघतात. तू कधी कर्जच घेतलं नाहीस. सगळं रोखीने. त्यामुळे त्या यंत्राला तू दिसतच नाहीस. चांगलं वागल्याची ही शिक्षा आहे असं समज. माझ्याकडे सहा कार्डं आहेत, मला रोज सातवं घ्या म्हणून फोन येतात. जग उलटं आहे.

दुकानाला पत्र लिहिण्याची गरज नव्हती. छापील उत्तर येतं, त्यात काही नसतं. आलंच तर न उघडता माझ्याकडे पाठवून दे, मी इथून बघतो. तू त्यात डोकं घालू नकोस.

मनगटाला गरम पाण्याचा शेक द्यायला सांग. धाकटी विचारते आहे, जाऊबाई इकडे कधी येणार?

तुझा
धाकटा


९ जुलै

प्रिय धाकट्या,

उत्तर आलं. न उघडता पाठव म्हणाला होतास, पण माझ्या धंद्याची खोड, शिवण दिसली की उसवायची. मूळ कागद माझ्याकडे ठेवतो, तुला उतरवून पाठवतो. एक अक्षर बदललेलं नाही.

"महोदय, आपला ग्राहक-कार्डाचा अर्ज मिळाला. आपण व्यवसायाच्या रकान्यात 'मालक' असे नमूद केले आहे. पडताळणीत सदर आस्थापनेचे मालक म्हणून अन्य व्यक्तीची नोंद असून आपली नोंद त्याच आस्थापनेत 'कर्मचारी, कारागीर' अशी आढळते. नमूद केलेली माहिती नोंदीशी जुळत नसल्याने आपला अर्ज मंजूर करता येत नाही. तसदीबद्दल क्षमस्व."

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा तुझ्या वहिनीने वाचलं, मोठ्याने. "आस्थापना" या शब्दापाशी अडखळली, मग म्हणाली, "म्हणजे आपलं दुकान ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग कारागीर कोण?" मी तिला चहा ठेवायला सांगितलं.

आता कळलं ती मुलगी फळीमागे कोणाबद्दल बोलत होती. "हे तिथे कामाला आहेत." बरोबरच बोलली बिचारी. कामाला तर मी आहेच. सकाळी शटर वर करतो, रात्री खाली ओढतो.

दुकान तुझ्या नावावर आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच तर म्हटलं होतं, सही तू कर. पुढे गाळा विकत घेतला तेव्हाही पैसे मी मोजले आणि सही तू केलीस, कारण त्या दिवशी मी कोणाची तरी दिवाणखाना-बैठक बांधत होतो. तुझं नाव ते माझंच नाव, असं धरून चाललो. चार लोकांत सांगतही होतो, "कागदाचं सगळं माझा भाऊ बघतो." ऐटीत सांगायचो. पण नाव नसणं वेगळं आणि "कारागीर" म्हणून असणं वेगळं, हे तुलाही कळेल. माझं नाव कोणीतरी तिथे लिहिलंय. आपणहून उगवलेलं नाही.

शिवणवाल्या मावशी रोज मी आत शिरलो की म्हणतात, "आले बाई मालक, आता रेडिओ बंद करा." आज तसं म्हणाल्या आणि मी मागे वळून पाहिलं, तू आलास की काय.

मी विचारतोय, भांडत नाहीये. मला कामाला कोणी ठेवलं?

तुझा
दादा


१७ जुलै

ती. स्व. दादा,

तू इतकं शांतपणे लिहिलंस की मला दोन रात्री झोप नाही. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

स्पष्ट सांगतो. ते मीच लिहिलंय. धंद्याचा नफा सगळा मालकाच्या नावावर दिसला की कर जास्त बसतो. माणसं कामाला आहेत, त्यांना पगार दिला, असं दाखवलं की कमी बसतो. माझ्या ऑफिसात रोज दहा जणांचे कागद असेच बनतात. बापाला नोकर दाखवतात, बायकोला दाखवतात. मावशींसारखंच तुझंही नाव पगारपत्रकात घातलं, दरमहा पगार दाखवला. कर वाचला तो कोणासाठी? दुकानासाठीच ना? त्याच पैशातून नवी शिलाई मशीनं आली. कागदावरच्या एका शब्दाने तू कारागीर होत नाहीस.

आणि दादा, आता तू विषय काढलाच आहेस तर माझंही ऐक. माझ्या लग्नानंतर मी तुला दोनदा म्हटलं होतं, तुझं नाव लाव, चल माझ्याबरोबर कचेरीत. एकदा तू हात पुढे करून दाखवलेस, सोल्युशन लागलेले, आणि हसलास. दुसऱ्यांदा गिऱ्हाइकासमोर म्हणालास, "आमच्या साहेबांना सह्या करायची हौस आहे, करू दे." सगळे हसले. मीही हसलो. परवान्याच्या, विजेच्या, कराच्या, सगळ्या रांगा मी लावल्या. कॉलेज बुडवून लावल्या. चार लोकांत तू "माझा भाऊ बघतो" म्हणायचास ते तुला कौतुक वाटत असेल. मला मात्र तू कारकून ठेवल्यासारखं वाटायचं. फरक एवढाच की माझी नोंद कुठे नव्हती.

हे राग म्हणून लिहीत नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

धाकटा


२४ जुलै

प्रिय धाकट्या,

हसलो होतो हे खरं. तुला लागलं असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्याच्या सोफ्याची आतली स्प्रिंग तुटल्याचं मला दारातून ऐकू येतं, आणि घरातलं एवढं मोठं ऐकू आलं नाही. रांगा तू लावल्यास, नाकारत नाही. तुझं शिक्षण त्यात मागे पडलं तेही नाकारत नाही.

तर आता असं करू. दुकान आणि गाळा निम्मा तुझा, निम्मा माझा. तुझ्या रांगांची किंमत निम्मी, माझ्या खिळ्यांची निम्मी. वहिनीला सांगितलं, तर ती म्हणाली, "निम्मा कशाला?" मी म्हटलं, गप्प बस. तीही गप्प बसली, म्हणजे बघ.

तू दोन दिवस सुटी काढ आणि ये. कचेरीत जाऊ. हात धुऊन येतो, रॉकेलने.

तारीख कळव.

दादा


३० ऑगस्ट

ती. स्व. दादा,

उत्तराला उशीर झाला. ऑफिसात हिशेबांचा हंगाम आहे, मान वर करायला फुरसत नाही. नावाचं आपण बघू, घाई काय आहे? दुकान कुठे पळून चाललंय?

या आठवड्यात तुझ्याकडे एक खोकं येईल. वहिनीने पसंत केलेलंच मशीन आहे, रंग फक्त पांढरा घेतला. त्याच दुकानातून मागवलं. कार्डाचा अर्ज इथूनच केला, एका मिनिटात मंजूर झाला. हप्ते मी भरीन, तू काळजी करू नकोस. वहिनीला म्हणावं, धाकट्या दिराकडून.

धाकटा


१२ सप्टेंबर

धाकट्या,

खोकं पोचलं. दोन हमाल घेऊन आले, सही मागितली. पावतीवर ग्राहक म्हणून तुझं नाव होतं, "मिळाले" म्हणून माझं. वहिनीने त्यावर जुनी चादर टाकून ठेवलीय. उघडू का विचारलं तर म्हणाली, "त्यांचे हप्ते फिटू देत, मग बघू." शेजारीण म्हणते, नवीन टेबल छान आहे. वहिनी हो म्हणते. कपडे अजून हातानेच धुते. पिळायला मावशींची मुलगी येते.

मशीनबद्दल लिहायला बसलो नव्हतो, ते मध्येच आलं. लिहायचंय ते असं. मंगळवारी दुकानात दोन माणसं आली. एकाच्या हातात मोजायची पट्टी, दुसऱ्याच्या कानाला फोन. मला वाटलं, बैठकीच्या मापाला आलेत. म्हटलं, बसा. पट्टीवाला दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीवर बसला, ती आपल्याकडे कापडाला आलीय. मग उठून भिंती मोजायला लागला. मी विचारलं, "सोफा केवढा?" तो म्हणाला, "सोफा नाही, गाळा."

मी मागच्या बाजूला जाऊन फोम कापत बसलो. कात्री चालवत होतो, कापत काही नव्हतो. फोनवाला म्हणत होता, "हो साहेब, पाहिला. मालकांनी सांगितलंय, मागची भिंत पाडली तरी चालेल. हा सगळा कापूस-बिपूस महिनाअखेर निघेल. इथे एक म्हातारा आहे कामाला, तो चहा विचारत होता."

चहा मी खरंच विचारला होता.

मावशींनीही ऐकलं. पायट्यावरचा पाय त्यांनी काढला आणि मशीन थांबलं. मला म्हणाल्या, "मालक, हे काय म्हणतायत?" मी म्हटलं, "मालकांनाच विचारतो." त्यांनी आपणहून रेडिओ बंद केला. असा विनोद मी यापूर्वी केलेला त्यांना आठवत नसावा.

मागची भिंत मी स्वतः बांधलीय. तू तेव्हा परीक्षेला बसला होतास, गाळ्यातच झोपायचास. तुला झोप मिळावी म्हणून विटा दिवसा आणल्या.

धाकट्या, या पत्राला हंगाम नको. लगेच उत्तर पाहिजे. गाळा विकतोयस का?

दादा


२० सप्टेंबर

दादा,

हो. विकतोय.

तुला तोंडावर सांगायला येणार होतो. तिकीटही काढलं होतं. मग रद्द केलं. तुझ्यासमोर बसून हे बोलता आलं नसतं.

सहा कार्डांचं मी तुला हसत लिहिलं होतं. त्यातली पाच काठोकाठ वापरून संपलेली आहेत. आधी घराचे हप्ते, मग मुलाची फी, मग एका कार्डाचं भरायला दुसरं. माझी नोंद स्वच्छ आहे म्हणून सगळे देत गेले. आणि ती स्वच्छ का आहे तेही मला कळतं. दुकानाचं प्रत्येक बिल तू तारखेच्या आधी रोख भरत आलास आणि पावती माझ्या नावाची फाटत गेली. जगात माझ्याएवढा भरवशाचा माणूस नाही असं त्या यंत्राला वाटतं. तुझ्या जिवावर वाटतं. मी ते जाणतो, दादा. जाणून विकतोय, कारण दुसरा रस्ता उरलेला नाही. पुढच्या महिन्यात घरावर नोटीस लागेल. धाकटीला अजून काही माहीत नाही.

तू निम्मा म्हणालास. निम्म्याने माझं भागत नाही. मी दहादा मांडून पाहिलं.

कायद्याने मला कोणाला विचारावं लागत नाही, पण मी तसं बोलणार नाही. तुझी सोय केल्याशिवाय मी सही करणार नव्हतो. घेणारी पार्टी तिथे तयार फर्निचरचं दुकान काढते आहे. त्यांना दुरुस्तीला माणूस लागतोच. मी तुझ्याबद्दल बोललो. म्हटलं, माणूस चोख आहे, हात चांगला आहे, वयाकडे बघू नका. ते ठेवून घ्यायला तयार आहेत. कागदावर दाखवत होतो त्यापेक्षा पगारही जास्त देतील. मावशींचंही सांगितलंय.

मला शिव्या दे, पण ही नोकरी सोडू नकोस.

धाकटा


५ ऑक्टोबर

प्रति,
मा. मालक

विषय : राजीनामा

महोदय,

मी आपल्या आस्थापनेत कारागीर म्हणून कामाला आहे असे मला चालू वर्षी जुलै महिन्यात समजले. इतक्या उशिरा समजल्यामुळे राजीनामाही उशिरा देत आहे, तसदीबद्दल क्षमस्व.

गाळा काल रिकामा केला. कापूस, फोम, खिळे, दोन्ही शिलाई मशीनं आणि मावशी असं सगळं हलवलं. मशीनं आपल्या कागदावर असतील तर कळवावे, मावशी कोणाच्या कागदावर राहायला तयार नाहीत. दातांच्या डॉक्टरांनी त्यांची मोटार बाहेर उभी करून गॅरेज दिलं आहे. भाडं घेणार नव्हते. मी म्हटलं, घ्या आणि पावती माझ्या नावाची फाडा. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

नव्या दुकानाच्या नोंदणीचा फॉर्म मी स्वतः भरला. सकाळपासून डॉक्टरांचीच खुर्ची बांधत होतो, हाताला सोल्युशन होतं. कागद चिकटला आणि सोडवताना कोपरा फाटला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "दुसरा फॉर्म देऊ का?" मी म्हटलं, "हाच राहू द्या." इतकी वर्षं ज्याला भ्यालो ते एवढंच होतं, एक फाटका कोपरा.

वकिलाकडे गेलो होतो. तो म्हणाला, लढता येईल, पैसे तुम्ही मोजल्याचे साक्षीदार काढू. मग म्हणाला, तुम्हाला उभं राहून सांगावं लागेल की भावाने फसवलं. मी घरी येऊन ते वाक्य एकदा म्हणून पाहिलं, मोरीत, नळ सोडून. माझ्याच कानांना ऐकवेना. तेव्हा खटला करत नाही. गाळा घ्या, भिंत पाडा. आतल्या बाजूला विटांचा एक थर वाकडा आहे, तिथून लवकर पडेल.

आपण माझी नव्या पार्टीकडे शिफारस केली त्याबद्दल आभार. हात चांगला आहे, हे आपल्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. तेही दुसऱ्याला सांगितलेलं.

मशीनचं खोकं न उघडता परत पाठवलं आहे. वहिनीने चादर तेवढी काढून घेतली.

एकच व्यवहार उरतो. आपल्या कागदाप्रमाणे आपण मला दरमहा पगार देत होता. मी कधी घेतलेला नाही. गल्ल्यातून घरखर्चाला काढत होतो ते मालक म्हणून, असं मी समजत होतो. पगार म्हणून एका महिन्याचाही घेतला नाही. तेव्हा दोनांतलं एक खरं असलं पाहिजे. एक तर कागद खोटा आहे, नाही तर पगार बाकी आहे. कागद खोटा असेल तर तसं एका ओळीत लिहून पाठवा. कोणाला दाखवणार नाही, पेटीत ठेवीन. मला दुसरं काही नको. ती एक ओळ आली की पैशाचं पुन्हा नाव काढणार नाही आणि तुझ्या पोराच्या फीला जमेल तेवढा हातभारही लावीन.

दोन्हीपैकी काय ते कळवावे.

आपला,
कारागीर


१४ ऑक्टोबर

ती. स्व. दादा,

परवा व्यवहार झाला. पैसे आले तसेच गेले. घर वाचलं.

तू मागितलेली ओळ मी चारदा लिहिली आणि फाडली. कागद खोटा होता असं मला लिहून देता येणार नाही. त्यावर माझी सही आहे, खाली ऑफिसचा शिक्का आहे, आणि त्याच कागदांवर हा सगळा व्यवहार उभा आहे. उद्या ती ओळ कोणाच्या हाती पडली तर माझी नोकरी जाईल. तू दाखवणार नाहीस हे माहीत आहे. तरीही.

तेव्हा पगार बाकी आहे असं धरू. तू आकडा कळव. एकदम जमणार नाही, पण बुडवणार नाही. दरमहा थोडे थोडे, हप्त्याने देईन. तेवढा विश्वास ठेव.

तुझा भाऊ,
धाकटा


१९ ऑक्टोबर

महोदय,

आपला हप्त्यांचा अर्ज मिळाला.

नात्याच्या रकान्यात आपण "भाऊ" असे नमूद केले आहे. नमूद केलेली माहिती आमच्याकडील नोंदीशी जुळत नसल्याने आपला अर्ज मंजूर करता येत नाही.

तसदीबद्दल क्षमस्व.

मालक,
सोफा-गादी दुरुस्ती